वनजाची फुलं, बंद घरं

वनजाक्षीला कृष्णमूर्तिपुरममध्ये सगळे ‘पुट्टस्वामीचं शेपूट’ म्हणायचे. बाप पुढे, डोक्यावर फुलांची टोपली. मागे ही, परकर वर खोचलेला, नाक गळतंय, हातात मरव्याची जुडी. मैसूरला फुलांची माळ हातावर मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. पुट्टस्वामीचा हात आखूड, म्हणून दारोदार भांडणं.

“तुझा हात नको. माझ्या हातावर मोज!”

“केंपम्मा, तुझ्या हातावर मोजलं तर माझी टोपली या दारातच रिकामी होईल.”

“होऊ दे. पोरीला घेऊन घरी जा आणि झोप. बघ कशी पेंगतेय.”

ही केंपम्मा वेदवती टीचरच्या घरी कामाला होती. तरुणपणी त्या घरात शिरली आणि तिथेच म्हातारी झाली. पुट्टस्वामीशी भांडून झालं की ती आत जायची आणि वनजासाठी केळीच्या पानावर एक गरम दोसा घेऊन यायची. टीचरम्मा ओट्यावरून ओरडायच्या, “आधी पाढे म्हण, मग दोसा!” वनजा तोंडात घास धरून पाढे म्हणायची. टीचरम्मांनी तिला फुकट शिकवलं, बी.कॉम. होईपर्यंत.

टीचरम्मांचे यजमान गेले तेव्हा त्यांनी पुट्टस्वामीला सांगितलं, “मी गावाला गेले तरी यांच्या फोटोला रोज फूल चढलं पाहिजे. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असते. दार उघडायचं, माळ घालायची, कुलूप लावायचं.” हे तीन माणसांना ठाऊक होतं. टीचरम्मा, केंपम्मा आणि पुट्टस्वामी. पुट्टस्वामीच्या डोक्यात अशा कितीतरी घरांच्या गोष्टी होत्या. कोण कधी धर्मस्थळाला जातं, कोणाचा मुलगा दिवाळीला न्यायला येतो, कोणाचं घर महिनाभर बंद. लोक सांगायचे, तो मान हलवायचा. तिथे ते संपायचं.

बापाचे गुडघे गेले आणि पुढे बापही गेला. वनजाने विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि कंपनी काढली. नाव ठेवलं ‘मोळ’. सोबत नंदीश होता, तिच्या वर्गातला. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं आणि माणसांमधलं फारसं नाही, असं वनजा म्हणायची. एका छापखान्याच्या वर दोन खोल्या. पहाटे देवराज मार्केटमधून फुलं यायची. मोगरा, अबोली, शेवंती. बायका खाली बसून माळा ओवायच्या, पोरं स्कूटरवरून घरोघर पोचवायची. ग्राहकांचे फोन मी घ्यायचे.

फोनवर लोक आता मला तेच सांगायचे जे पूर्वी पुट्टस्वामीला सांगत.

“अगं, गुरुवारपासून फूल नको हं. आम्ही शृंगेरीला. रविवारी येऊ.”

मी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात त्या घरापुढे लिहायचे, ‘बंद, रविवारपर्यंत’. काही घरांपुढे जास्त लिहावं लागे. ‘कुत्रा चावतो.’ ‘बेल वाजवू नये, आजोबा झोपतात.’ आणि वेदवती टीचरच्या घरापुढे वनजाने स्वतः लिहिलं होतं, ‘घर बंद असलं तरी फोटोला माळ. किल्ली तुळशीखाली.’ कारण आता रोज वेगळा पोरगा जायचा, आणि प्रत्येकाला कोण सांगत बसणार?

हा तक्ता सगळ्यांना उघडायचा. नंदीशने त्याला छोटा पत्ता करून दिला होता. कंपनीचं नाव, रेघ, आणि पुढे एक शब्द. पोरं मोबाइलवर तेवढं टाइप करायची की तक्ता समोर. पासवर्ड नाही, काही नाही. माळ दिली की आपल्या रकान्यात खूण करायची.

यावरून नंदीश आणि वनजाचं मला आठवतंय तेव्हापासून भांडण होतं.

“वनजा, प्रत्येकाला आपापलं खातं देऊ. ज्याला जेवढी घरं, तेवढीच त्याला दिसतील.”

“पहाटे चार वाजता, ओल्या हाताने, ती पोरं पासवर्ड टाकत बसतील? परवा रेवण्णा स्वतःच्या बायकोचा नंबर विसरला होता.”

“मग शिकवू.”

“नंदीश, ही आपली माणसं आहेत. आपल्या घरात आतल्या खोल्यांना आपण कुलपं लावतो का?”

“हे घर नाही गं. कंपनी आहे.”

“तुझ्यासाठी असेल,” असं म्हणून तिने त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला, आणि ते तेवढ्यावर थांबलं. तेव्हा आम्ही सगळेच तिच्या बाजूने हसलो होतो. कंपनी लहान होती, पैसे कमी होते, कामं डोंगराएवढी. कुलपाचं काम रोज उद्यावर जायचं.

तक्त्याची एक गंमत होती. खातं नसलेल्या कोणी तो उघडला की वर कोपऱ्यात एखाद्या प्राण्याचं चित्र यायचं. अनोळखी ससा, अनोळखी कोल्हा, अनोळखी पाणघोडा. रोज पहाटे तिथे प्राण्यांची झुंबड. वनजा मोठ्याने म्हणायची, “आपलं प्राणिसंग्रहालय उघडलं गं! तिकीट लावा.” आणि पोरं आपला प्राणी ओळखायची. “अक्का, मी आज उंट आहे, बघा चाललोय सरस्वतीपुरमला.”

मग दसरा आला. मैसूरचा दसरा. नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी शहरात ज्याच्याकडे जे अवजार असेल त्याला कुंकू लागतं, रिक्षापासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत. आमच्याकडे सुया, कात्र्या, स्कूटरी, वजनकाटा आणि वनजाचा लॅपटॉप. स्कूटरींना केळीचे खुंट बांधले. दारात कोहळा फोडला, आत कुंकू भरलेला. नंदीश लॅपटॉप मिटून पाटावर ठेवत होता.

“अरे, मिटवतोस काय?” वनजा ओरडली. “झोपलेल्या अवजाराची पूजा करतात का? चालू ठेव! चालतं बोलतं पाहिजे.”

“चालू ठेवून काय दाखवू देवीला?”

“तक्ता दाखव. बघू दे तिला आपली सगळी घरं.”

लॅपटॉप उघडा, पडदा लख्ख, वरच्या काठाला चंदनाची बोटं, कोपऱ्यांवर शेवंती. खरंच देखणा दिसत होता. वनजाने स्वतः वाकून, तीन-चारदा कोन बदलून फोटो काढला आणि कंपनीच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, ‘हीच आमची लक्ष्मी.’ हजारोंनी तो पाहिला. केंपम्माने तो टीचरम्मांच्या मोबाइलवर पाहून गल्लीत प्रत्येकीला दाखवला. “आमच्या पुट्टस्वामीची पोर! तिच्या कॉम्प्युटरला बघा कसं नटवलंय, नवरीसारखं.”

दिवाळीला टीचरम्मा शिरशीला बहिणीकडे गेल्या. पोरं सणाला गावी गेली होती म्हणून त्या आठवड्यात ती गल्ली वनजाने स्वतःकडे घेतली. रोज पहाटे कुलूप उघडून फोटोला माळ घालायची. बलिप्रतिपदेला ती गेली तेव्हा कुलूप लावलेलंच होतं, किल्ली कुंडीखालीच होती. आत कपाट उघडं. टीचरम्मांच्या सासूचे काप, नातीसाठी ठेवलेल्या बांगड्या, चांदीची समई, काही नव्हतं. काही फोडलेलं नव्हतं, काही तोडलेलं नव्हतं. कोणीतरी किल्लीने आलं होतं आणि किल्ली जागेवर ठेवून गेलं होतं.

पोलिसांनी विचारलं, “किल्ली कुठे असते हे कोणाला माहीत होतं?”

टीचरम्मा म्हणाल्या, “मला. केंपम्माला. आणि या वनजाला.”

तक्ता वाचणारी पोरं गावी होती, त्यांचं नाव वनजाने काढलं नाही. हवालदाराने वनजाकडे पाहिलं. इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मग केंपम्माकडे. “चला, अम्मा. दोन प्रश्न विचारायचेत.”

त्या दोन प्रश्नांना दोन दिवस लागले. केंपम्मा परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिच्याकडे काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं, एवढंच. गल्लीतल्या ज्या बाकीच्या घरांत ती वरकाम करायची त्यांनी तिला दारातूनच नाही सांगितलं. कोणी म्हणालं सून आता घरीच असते, कोणी म्हणालं मशीन घेतलंय. टीचरम्मांनी दार उघडून दिलं. केंपम्मा भांडी घासायला मोरीत गेली तर तिथे भांडी नव्हती. सगळी घासून पालथी घातलेली होती.

“टीचरम्मा, माझं काम?”

“केंपम्मा,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “मला खरं सांग. मी पोलिसांना परत पाठवीन. तुझ्या मुलाला पैशाची अडचण होती का?”

“मी घेतलं नाही.”

“मग डोंगरावर जा. चामुंडीसमोर शपथ घे. मला पुरे.”

हे केंपम्माने वनजाला सांगितलं, आमच्या जिन्यात बसून. रडत नव्हती, उलट हसू आणत होती. “बघ गं. इतकी वर्षं मी त्यांच्या देवघराचा केर काढला. आता देवीला साक्षीला बोलवायचंय. गुडघे दुखतायत, नाहीतर आजच गेले असते.”

वनजाने तिचे हात धरले. “जाऊ नकोस, केंपम्मा. मी टीचरम्मांशी बोलते.”

“काय बोलशील? घेतलं नाही हे तुला तरी कसं माहीत?”

वनजाची हातांवरची पकड सैल झाली. ते केंपम्माला कळलं. ती उठली, पदर झटकला आणि निघून गेली. वनजा नंतर मला म्हणाली, “एक क्षण, गं. एकच क्षण मला वाटलं की कदाचित.”

पुढच्या शनिवारी मला एक फोन आला, लक्ष्मीपुरममधून. “तुमची फुलं बंद करा. आमच्याकडे चोरी झाली, डोकं ठिकाणावर नाही.” मी त्यांचं नाव तक्त्यात पाहिलं. ‘बंद, शुक्रवारपर्यंत.’ त्या ओळीवर बोट ठेवून मी ती दोनदा वाचली, आणि पुढचा फोन घेतला.

दर शनिवारी दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवायचो. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि सारू, पंगतीत जमिनीवर. त्या दिवशीही तसेच बसलो होतो. पोरांचे मोबाइल खिडकीत चार्जिंगला. रेवण्णा हात चाटत म्हणाला, “अक्का, तुमचं प्राणिसंग्रहालय अजून उघडंच आहे की.”

वनजाचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. वर कोपऱ्यात एक प्राणी बसला होता. अनोळखी मुंगूस.

“कोणाचा मोबाइल चालू आहे रे?” नंदीशने विचारलं.

“सगळे तिकडे आहेत, सर.”

नंदीश खिडकीपाशी गेला आणि एकेक मोबाइल बंद केला. सगळे. आम्ही पंगतीतून पाहत होतो. मुंगूस तिथेच होतं. आणि मग ते हललं. तक्त्यात एका चौकटीभोवती हिरवी रेघ आली. खालच्या चौकटीत गेली. आणखी खाली. फुलांच्या रकान्यात नाही, मोळांच्या रकान्यात नाही. ज्या रकान्यात मी ‘बंद’ लिहायचे, त्या रकान्यातून ती सावकाश, प्रत्येक घरापुढे थोडी थांबत, वाचत चालली होती.

कोणी घास गिळला नाही. वनजा उष्ट्या हाताने उठली आणि पडद्याजवळ गेली.

“हा कोण आहे?” ती हळू म्हणाली, जणू त्याला ऐकू जाईल. “नंदीश, हा कोण आहे? आपल्या घरात हा कोण आहे?”

नंदीशने तक्ता बंद केला. मुंगूस गेलं. मग तो कंपनीच्या पानावर गेला आणि एकेक फोटो मोठा करून पाहू लागला. आयुधपूजेच्या फोटोवर थांबला. चंदनाच्या बोटांखाली तक्त्याचा छोटा पत्ता अक्षर न् अक्षर वाचता येत होता. आणि त्याच्या खाली, शेवंतीच्या पाकळ्यांमधून, ‘किल्ली तुळशीखाली’.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त खुर्ची ओढून बसला.

संध्याकाळी त्याने सगळ्या ग्राहकांना पाठवायचा मजकूर तयार केला. ‘काही तांत्रिक बदलांमुळे आपल्या घराच्या किल्लीची जागा कृपया बदलावी.’ वनजाने तो दोनदा वाचला.

“यात चोरी कुठे आहे?”

“लोकांनी किल्ल्या हलवल्या म्हणजे घरं वाचली. पोलिसांना मी वेगळं कळवतो. बुधवारी पैसे गुंतवणारे येतायत, वनजा. आज हे जाहीर केलं तर ‘मोळ’ संपली. या खालच्या बायका काय करतील?”

“आणि केंपम्मा?”

“बुधवारनंतर. बुधवारनंतर आपण दोघं जाऊ तिच्याकडे. तीन-चार दिवसांनी काय बिघडतंय?”

खाली बायका दुसऱ्या दिवसासाठी अबोली निवडत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज वर येत होता. वनजा तो ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “पाठव.”

केंपम्मा मंगळवारी डोंगर चढली. मंगळवार देवीचा वार. रिक्षाने वर जाता आलं असतं, पण शपथेला जाणाऱ्याने पायरीनेच जायचं असतं, असं तिचं म्हणणं. प्रत्येक पायरीला कुंकू लावत, बसत, उठत, पोचायला तिला दुपार झाली. देवीसमोर हातावर कापूर पेटवून ती म्हणाली की मी घेतलं असेल तर माझा वंश बुडू दे. पोराला शेजारी उभं करून म्हणाली. मोठा दगडी नंदी बसलाय त्या वळणावर उतरताना तिचा गुडघा लचकला आणि लोकांनी तिला उचलून खाली आणलं.

बुधवारी गुंतवणारे आले. वनजाने त्यांना मोगऱ्याचा हार घातला, सगळं समजावलं, हसून बोलली. त्यांच्यातल्या एकाने जाता जाता विचारलं, “ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे ना?” नंदीशने तोंड उघडलं. त्याच्या आधी वनजा म्हणाली, “नाही.” आणि तिने सगळं सांगितलं. नंदीश खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

ते गेल्यावर ती चप्पल न घालता टीचरम्मांकडे गेली. मी मागे.

टीचरम्मांनी शेवटपर्यंत ऐकलं. फोटो मोठा करून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

“हे माझं घर आहे,” त्या म्हणाल्या. “हे सगळ्या जगाने वाचलं?”

“हो, टीचरम्मा.”

“तुला कधी कळलं?”

“शनिवारी.”

“शनिवारी.” त्यांनी मोबाइल खाली ठेवला. “आणि काल मी तिला डोंगर चढायला लावलं.”

वनजा त्यांच्या पायाशी बसली. टीचरम्मांनी पाय आत ओढून घेतले. रागाने नाही. जसं कोणी थंडीने ओढतं तसं.

“मी मारायला हवं ना तुला? ताकद नाही गं. मी स्वतःच तिच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?”

तरी त्या गेल्या. केसरेला, एका खोलीच्या घरात, केंपम्मा पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर हळदीचा लेप. टीचरम्मांना पाहून सवयीने उठायला गेली आणि कळवळून परत बसली.

वनजाने हात जोडून सगळं सांगितलं. तक्ता, फोटो, मुंगूस, शनिवार. शनिवार तिने लपवला नाही.

केंपम्मा बराच वेळ मुंगसापाशीच अडकली होती. “म्हणजे कोणीतरी आत बसून वाचत होतं आणि तुम्ही त्याला जनावर समजून हसत होतात?”

“हो.”

“आणि माझ्याकडे बघून कोणी हसलं नाही. मला लगेच ओळखलं.”

टीचरम्मा म्हणाल्या, “केंपम्मा, घरी चल.”

“कुठल्या घरी, अम्मा?”

“आपल्या.”

“चहा घ्या,” केंपम्मा म्हणाली. “साखर संपलीय, गूळ चालेल ना?” आणि त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही.

“तू चल माझ्याबरोबर,” वनजा म्हणाली. “प्रत्येक दारात मी तुझ्यासमोर सांगते की माझी चूक.”

“मी चोर नाही हे ऐकायला मी दारोदार फिरू? तूच फीर. तुझ्या बापाची सवय आहे.”

वनजा फिरली. ज्या गल्लीत ती टोपलीमागून चालायची त्या गल्लीत, दारोदार. सगळ्या ग्राहकांना नवा मजकूर गेला, यात चोरी होती, फोटो होता, तिचं स्वतःचं नाव होतं. काही दारांत तिला शिव्या मिळाल्या. काहींनी आत बोलावून पाणी दिलं. आणि बऱ्याच दारांत एकच ऐकू आलं, “सांगितलंस ते बरं केलंस हो. पण आता आम्ही दुसरी ठेवलीय. आणि खरं सांगू, एकदा मनात आलं की आलं.”

चोर सापडले नाहीत. फुलं बंद करणारे फोन मी घेत राहिले, एकामागून एक, फोनही थांबेपर्यंत. संक्रांतीच्या सुमाराला ‘मोळ’ बंद झाली. नंदीश बंगळुरूला गेला. खालच्या बायका मार्केटमध्ये गेल्या. वनजा एका मोठ्या कंपनीत लागली, शहराबाहेर, भलंमोठं आवार. नव्या पोरांना माहिती कशी सांभाळायची ते शिकवते. आयुधपूजेचा तो फोटो ती पडद्यावर दाखवते आणि हा कोणाचा हे सांगते. पोरं हसतात. ती हसू देते.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले होते. सुटण्याची वेळ होती. कामगारांच्या फाटकापाशी बायकांची रांग होती, निळ्या साड्या, हातात पिशव्या. वनजा चालता चालता थांबली. रांगेत केंपम्मा होती. एक पाय ओढत पुढे सरकत होती.

“ती इथे आहे?” मी विचारलं.

“दोन महिने झाले. मला माहीत नव्हतं. एकदा जिन्यात दिसली.”

केंपम्माने आम्हाला पाहिलं. मान हलवली, ओळखीची. तिची पाळी आली. रखवालदाराने काही म्हणायच्या आत तिने पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. डबा काढला, झाकण उघडून दाखवलं. पदराची गाठ सोडून दाखवली.

“अम्मा, गाठ नाही दाखवायची, फक्त पिशवी,” तो पोरगा ओशाळून म्हणाला.

“बघून घे, बाळा. नीट बघ.”

वनजा तिच्याजवळ गेली. “केंपम्मा, मी या लोकांशी बोलू? तुझी पिशवी रोज अशी...”

“नको गं, नको.” केंपम्मा पदराची गाठ पुन्हा बांधत होती. “इथे चांगलं आहे. इथे रोज तपासतात, सगळ्यांसमोर. मग मागाहून कोणी काही म्हणत नाही.” तिने वनजाच्या गालाला हात लावला, क्षणभरच. “वाळलीस किती. जेवतेस ना? जा, माझी बस आली.”

ती पाय ओढत बसकडे गेली. वनजा फाटकाच्या आत उभी होती आणि रांग पुढे सरकत होती.